पीटीटी दाबताच रेडिओ मान का टाकतो?

या वेळी हॅम (हौशी रेडिओ) वाचकांच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: ऐकताना सेट झकास चालतो, पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण दाबून प्रक्षेपण करायला गेलं की बिनसतं. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा एचएफ ट्रान्सीव्हर (लघुलहरींवर ऐकवणारा आणि प्रक्षेपणही करणारा सेट) १०० वॅटचा आहे आणि पॉवर सप्लाय १३.८ व्होल्ट, ३० अँपिअरचा. एसएसबीवर (बोलण्याच्या प्रक्षेपणाचा एक प्रकार) हळू बोललं तर ठीक चालतं. आवाज चढवला की डिस्प्ले मंदावतो आणि सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटर १३.८ व्होल्टच दाखवतो. सेट दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. ते १३.८ व्होल्ट तुम्ही कुठे मोजले आणि कधी, ते आधी पाहू. रिसीव्हवर असा सेट एक-दोन अँपिअर घेतो, पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करताना २० ते २२. वायर, फ्यूज होल्डर आणि जोड यांचा मिळून ०.०५ ओहम रोध असेल, तर १ अँपिअरला ०.०५ व्होल्टची घट होते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. २० अँपिअरला तीच घट १ व्होल्ट होते आणि २० वॅट उष्णता त्या वायरीत आणि जोडांत जिरते. म्हणून रिसीव्हवर घेतलेलं माप इथे बिनकामाचं.

अँटेना काढा आणि १०० वॅट सोसणारा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावा. मोड सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएम ठेवा. एसएसबीत प्रवाह शब्दागणिक वरखाली होतो आणि मल्टिमीटर तितका चपळ नसतो. एका वेळी ५ ते १० सेकंदच प्रक्षेपणाची कळ (की) दाबा, आणि तेवढ्यात आधी सप्लायच्या टर्मिनलवर आणि मग सेटच्या मागच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. कनेक्टरच्या मागून बारीक टोकाचे प्रोब आत जातात. ते घसरून एकमेकांना लागणार नाहीत, एवढं सांभाळा.

सप्लायच्या टर्मिनलवरच व्होल्टेज १३ च्या खाली आलं, तर दोष सप्लायचा. अंगावर ‘३० अँपिअर’ छापलेल्या काही सप्लायमध्ये तो आकडा क्षणिक प्रवाहाचा असतो आणि सलग मिळणारा प्रवाह २५ असतो. औद्योगिक वापराचा १२ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असेल, तर तो कारखान्यातून बरोबर १२ वरच लावून येतो. टर्मिनलजवळच्या ट्रिमरने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या स्क्रूने) तो वाढवायचा, पण किती वाढू शकतो ते त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच.

सप्लाय ठाम राहिला आणि सेटपाशी व्होल्टेज पडलं, तर मधल्या वाटेवर शोध घ्या. मल्टिमीटर मिलीव्होल्टवर ठेवा. एक प्रोब सप्लायच्या धन टर्मिनलला आणि दुसरा सेटच्या धन पिनला लावून की दाबा. जो आकडा दिसेल, ती धन वायरीतली घट. मग ऋण वायरीवर तेच करा. हे दुसरं माप बहुतेक जण विसरतात आणि दोष नेमका तिथेच दडलेला असतो. फ्यूज आणि त्याचा होल्डर मिळून २० अँपिअरला १०० मिलीव्होल्टपर्यंत घट चालेल. ३०० दिसले, तर होल्डरच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत किंवा त्यांच्यावर काजळी चढली आहे. घासून साफ करण्यापेक्षा होल्डर बदललेला बरा.

वायरीच्या जाडीचा हिशेब सोपा आहे. सप्लाय ते सेट ३ मीटर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटर धरायचे. २० अँपिअरला २.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरीत साधारण ०.९ व्होल्ट जातात, ४ चौ. मिमीत ०.५५ आणि ६ चौ. मिमीत ०.३७. आमचं मत विचाराल, तर एवढ्या अंतराला ६ चौ. मिमीच घ्या, किंवा सप्लाय सेटच्या जवळ आणा. दुसरा उपाय फुकट आहे. वायर दिसायला जाड असूनही घट जास्त येत असेल, तर तिचा एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरा निघाला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो.

स्क्रूखाली दाबायच्या टोकांना सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत स्क्रू ढिला होतो. तिथे नीट क्रिम्प केलेला, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेला धातूचा लगच हवा. अँडरसन पॉवरपोल (डीसी कनेक्टर) वापरत असाल, तर १५, ३० आणि ४५ अँपिअरचे संपर्क एकाच मापाच्या घरात बसतात, त्यामुळे आत कोणता आहे हे बाहेरून कळत नाही. काढून पाहा.

प्रश्न : डमी लोडवर पूर्ण १०० वॅट मिळतात आणि व्होल्टेजही पडत नाही. एका टोकाने फीड केलेली हाफ-वेव्ह अँटेना जोडली की २० मीटर बँडवर सप्लाय ट्रिप होतो. ४० मीटरवर मात्र काही होत नाही. असं का?

उत्तर : डमी लोडवर बरं आणि अँटेनावर बिघाड, तोही एखाद्याच बँडवर, म्हणजे सप्लायच्या नियंत्रक सर्किटमध्ये आरएफ (प्रक्षेपणाचा रेडिओ प्रवाह) शिरतोय. एका टोकाने फीड केलेल्या अँटेनाला परतीचा प्रवाह लागतोच. वेगळी काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहाची तार) नसेल, तर ते काम कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळी करते आणि आरएफ जाळीच्या बाहेरच्या अंगावरून थेट टेबलापर्यंत येतो. टेबलाशी तो प्रवाह शिखरावर आहे की तळाला, हे बँडनुसार बदलतं, म्हणून तुमचा ४० मीटर सुटला.

खात्री करायला शक्ती १० वॅटवर आणा आणि हळूहळू वाढवा. ठरावीक वॅटच्या पुढेच ट्रिप होत असेल किंवा सेटला हात लावल्यावर एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून शक्ती किती परत येते, त्याच्या मापाचा) आकडा हलत असेल, तर निदान पक्कं.

उपाय अँटेनाच्या टोकापासून सुरू करा. तिथल्या ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड टर्मिनलला सुमारे २ मीटर तार लावा. तिथून २ मीटर पुढे कोॲक्सवर चोक (आरएफ अडवणारी गुंडाळी) बसवा: ३१ नंबरच्या फेराइटची सुमारे ६१ मिमी बाहेरच्या व्यासाची रिंग आणि तिच्यावर बारीक कोॲक्सचे १० ते १२ वेढे. मग डीसी केबलकडे वळा. धन आणि ऋण वायर एकत्र धरून तशाच दुसऱ्या रिंगमधून ५-६ वेढे द्या. दोन्ही एकत्रच घ्यायच्या, म्हणजे २० अँपिअरची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. एकच वायर गुंडाळली, तर फेराइट संपृक्त होऊन चोकचा उपयोग उरत नाही. केबलवर नुसतं चिमटा-फेराइट अडकवून फारसं साधत नाही, कारण चोकचा विरोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका वेढ्याच्या तुलनेत पाच वेढ्यांना जवळपास पंचवीसपट. शिवाय सप्लायच्या दोन टर्मिनलमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर शक्य तितके आखूड पाय ठेवून लावा.

प्रश्न : एसएसबीवर बोलताना वॅटमीटर २५-३० च्या वर जात नाही. शक्ती कुठे जाते?

उत्तर : कुठेच जात नाही. साधा मीटर सरासरी दाखवतो आणि बोलण्यात शिखरं क्षणभरच येतात. माइकमध्ये लांब शिट्टी वाजवा, काटा १०० च्या आसपास जाईल. तो जात असेल, तर माइक गेन वाढवू नका, आवाज फाटेल. एएमवर १०० वॅटच्या सेटचा कॅरियर (आवाज नसतानाची मूळ लहर) २५ वॅट असणं बरोबरच आहे. सीडब्ल्यूवरही ३० च मिळत असतील, तर एसडब्ल्यूआर पाहा. तो ३ असेल, तर २५ टक्के शक्ती परत येते आणि सेट आउटपुट ट्रान्झिस्टर वाचवायला आपणच शक्ती उतरवतो.

प्रश्न : डोंगरावर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी नेतो. चार-पाच कॉलनंतर सेट बंद पडतो. बॅटरी नवी आहे.

उत्तर : बॅटरी नवी आहे, पण काम तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. पूर्ण चार्ज असताना ती १२.७ व्होल्ट देते. अंतर्गत रोध २५ मिलीओहम धरा, २० अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला. केबलमध्ये आणखी अर्धा. सेटपाशी ११.७ उरतात, आणि १३.८ च्या १५ टक्के खाली, म्हणजे ११.७ हीच बहुतेक सेटची खालची हद्द. चार-पाच कॉलमध्ये बॅटरी थोडी उतरते, तेवढं पुरतं.

शक्ती ५० वॅटवर आणा. समोरच्याला ३ डेसिबल कमी ऐकू येईल, म्हणजे एस-मीटरवर अर्धं एकक. प्रवाह मात्र त्याच प्रमाणात निम्म्यावर येत नाही, हे लक्षात ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेणार असाल, तर तिच्यातल्या बीएमएसची (संरक्षक सर्किटची) सलग प्रवाहाची मर्यादा आधी वाचा. ती २० अँपिअरची असेल, तर शिखराला बॅटरी व्होल्टेज उतरवत बसत नाही, एकदम शून्य देते.

प्रश्न : सेटचा २५ अँपिअरचा फ्यूज सारखा जातो. ३० चा घातला तर?

उत्तर : नको. गेलेला फ्यूज नीट पाहा. पायाजवळचं प्लास्टिक मऊ पडलं असेल, तर होल्डरच्या सैल संपर्काने तो तापून गेला. खिडकी काळी पडून आतली पट्टी उडाली असेल, तर प्रवाह खरोखरच फार होता. सेट बंद असतानाही वायर जोडताक्षणी फ्यूज उडत असेल, तर कधीतरी ध्रुव उलटे लागले असावेत. अशा वेळी सेटच्या आतला संरक्षक डायोड शॉर्ट होतो. सप्लाय काढून सेटच्या डीसी पिनवर ओहम मोजा. प्रोब उलटसुलट लावूनही शून्याच्या आसपासच दिसलं, तर आधी तो डायोड बदला, फ्यूज मग.