कागद आधी, पुस्तक नंतर

बेटा,

'सर, लॉचं हुकलं, आते काय करू? पुण्याला क्लास लावू का?' हा तुझा मेसेज परवा आला. क्लासचं नंतर बघू. तू पाठवलेले स्क्रीनशॉट पाहिले आणि डोकंच फिरलं. मेरिट लिस्टमध्ये तुझ्या नावापुढे ओपन लागलंय, ते तरी वाचलंस का? तू ओबीसी. नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, ३१ मार्चला संपलेला जोडलास. व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, तर काढलेलीच नाही. स्क्रुटिनीत, म्हणजे कागद तपासताना, अर्ज दुरुस्तीसाठी तुझ्या लॉगिनला परत आला, तेव्हा तू लग्नात होतीस. मुदत गेली आणि तू ओपनमध्ये गेलीस. याला अभ्यास कमी पडला असं म्हणत नाहीत, आणि यावर पुण्याच्या क्लासकडे औषध नाही.

कागद आधी, पुस्तक नंतर. गेल्या वर्षीचा स्कोअर यंदा चालत नाही, सीईटी, म्हणजे लॉची प्रवेश परीक्षा, पुन्हा द्यावीच लागेल. पण तिची तयारी तू करशीलच. कागद तू करणार नाहीस, याची मला खात्री आहे, म्हणून हे पत्र.

सगळ्यात वेळखाऊ काम व्हॅलिडिटीचं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांचा दाखला त्यानंतरचा, म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शोधायचा. ते ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घे. शाळेत नाही सापडलं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ आहे, जन्म-मृत्यूची जुनी नोंद. नोंद मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्यात महिना जातो. मग वंशावळ. इथंच बहुतेकांचं अडतं. रजिस्टरला 'दगडू सुका', सातबाऱ्यावर 'सुखदेव', आईवडिलांच्या तोंडी तिसरंच नाव. ही सगळी नावं एकाच माणसाची, हे प्रतिज्ञापत्रात आधीच लिहून टाक. समितीनं त्रुटी काढल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. समितीकडे अर्ज केल्याच्या नुसत्या पावतीवर प्रवेशाची सवलत एखाद्या वर्षी मिळते, तिच्या भरवशावर राहू नकोस.

नॉन-क्रीमी लेअर एप्रिलमध्येच काढ, जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. त्याआधी तहसीलचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. हातात आल्यावर वैधतेची तारीख स्वतः वाच, ती प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत हवी. तुझे वडील म्हणतात, यंदा केळीला भाव चांगला मिळाला, आपलं बसणार नाही. शेतीचं उत्पन्न ८ लाखांच्या मर्यादेत धरतच नाहीत. त्यांना माझं नाव सांगून सांग.

लोक म्हणतात, सर पोरांना कारकून बनवतात. म्हणोत बापडे. वकिली म्हणजे तरी दुसरं काय असतं? मुदतीत दाखल न झालेलं अपील कितीही जोरदार मुद्द्यांचं असो, आधी उशीर का झाला तेच विचारतात. तिथं निदान मुदत कायद्याचं कलम ५ आहे, विलंब माफीचा अर्ज करता येतो. प्रवेशाच्या पोर्टलवर तीही सोय नाही. ठरल्या वेळेला लिंक बंद झाली की झाली.

दुसरा घोळ पसंतीक्रमाचा. पाचच कॉलेजं भरलीस, सगळी मुंबई-पुण्याची. जळगावचं मणियार लॉ कॉलेज नाही, धुळं नाही, नंदुरबार नाही. का, तर मैत्रिणी पुण्याला जाताहेत. अगं, वाटप वरून खाली होतं. खाली वीस नावं आणखी लिहिली म्हणून वरच्याची संधी तसूभरही कमी होत नाही. यादी आखूड ठेवून नुकसान तुझंच. कुठंही शिकलीस तरी वकिलीची सनद तीच, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोव्याची. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं हायकोर्टाचं खंडपीठही संभाजीनगरलाच आहे, पुण्याला नाही. जिथं खरंच जाणार नाहीस ते मात्र लिहू नकोस.

आणि वर्ष फुकट जायला नको म्हणून एम.ए.ला रेग्युलर प्रवेश घेऊन बसू नकोस. लॉच्या जोडीला दुसरी रेग्युलर पदवी चालत नाही, आणि टी.सी. एकदा त्या कॉलेजात अडकली की ऐन रिपोर्टिंगच्या, म्हणजे कॉलेजात हजर होऊन प्रवेश पक्का करायच्या, आठवड्यात तुला तिकडचे हेलपाटे. त्यापेक्षा गॅपचं प्रतिज्ञापत्र करणं सोपं. कागद आधी!

आता पुस्तक. १२० प्रश्न, २ तास. इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी ३२, कायदा २४, तर्क २४. (नवी माहितीपुस्तिका आली की ताडून बघ.) सगळ्यात मोठा तुकडा इंग्रजीचा, आणि तू वर्षभर संविधानाची कलमं पाठ करत बसलीस. रोज एक उतारा, घड्याळ लावून. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तरी तू अकरा प्रश्न कोरे सोडलेस, कारण क्लॅटचे, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे, व्हिडिओ बघत होतीस. तिथं पाव मार्क कापतात, इथं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिचकी मारायचीच. पेपर मराठीतही दिसतो. कायद्याचा प्रश्न इंग्रजीत अडला तर मराठीत वाच, लाज कसली.

क्लास लावायचाच असेल तर दिवाळीनंतर, व्हॅलिडिटीची फाईल समितीकडे गेल्यावर. आधी विचारूही नकोस.

पणजोबा कुठल्या शाळेत होते, ते आज संध्याकाळी आजोबांना विचार. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठं हलवलं ते केंद्रप्रमुखांकडून काढ, आणि मला गावाच्या नावासकट कळव. 'बहुतेक' असं लिहू नकोस.

तुझा,
सर