ती टोपी घ्यायच्या आधी

ताई, मिस्टरांना एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जात राहतो तो आजार) आहे, न्यूरालिंक कंपनीची मेंदूत बसवायची चिप मिळेपर्यंत एका केंद्राची ‘विचारांवर चालणारी’ टोपी घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. आईच्या आजारपणात आम्हालाही असंच एक केंद्र भेटलं होतं. नाव लिहीत नाही.

डेमो झकास झाला. कपाळावर पट्टी बांधली, "मनात ‘लाग’ म्हणा," म्हणाले आणि टेबलावरचा बल्ब लागला. महिनाभरात लागेनासा झाला. कवटीबाहेरून मिळणारा मेंदूचा संकेत अगदी क्षीण असतो. भुवई उचलली, दात आवळले की स्नायूंचा संकेत त्याला झाकून टाकतो. बल्ब लावत होत्या आईच्या भुवया! आजार वाढला, भुवयाही थकल्या. यावर केंद्राचं उत्तर काय, तर "पेशंटची एकाग्रता कमी पडते." पैसे परत नाहीतच, वर तिलाच दोष. आजही आठवलं की डोकं फिरतं. तुम्ही गेलात तर बल्ब-बिल्ब बघू नका. आम्ही सांगू तो शब्द, चेहरा न हलवता यांच्याकडून लिहून घ्या म्हणावं.

न्यूरालिंकमध्ये 64 धाग्यांवरचे 1024 इलेक्ट्रोड (मेंदूचे संकेत टिपणारे बारीक बिंदू) थेट मेंदूत बसवतात. तरीही 2024 सालच्या पहिल्या पेशंटचे काही धागे मागे सरकले आणि सॉफ्टवेअर बदलून सावरावं लागलं. त्यामुळे चिपच्या भरवशावर थांबू नका, असं माझं मत. (मी डॉक्टर नाही; न्यूरोलॉजिस्टना विचाराच.)

मिस्टरांचा आवाज मात्र आजच रेकॉर्ड करून ठेवा, अडखळत असला तरी. कॅलिफोर्नियात डेव्हिसला एएलएसच्या एका गृहस्थांना 2023 मध्ये 256 इलेक्ट्रोड बसवले. ते बोलायचा प्रयत्न करतात, संगणक शब्द ओळखून बोलून दाखवतो, तोही त्यांच्याच आवाजात, कारण आजारापूर्वीची रेकॉर्डिंग होती.

सध्या पैसे घालायचेच तर आय-ट्रॅकरमध्ये घाला, म्हणजे नजर टिपून पडद्यावरची अक्षरं निवडू देणाऱ्या यंत्रात. एएलएसमध्ये डोळ्यांची हालचाल बहुतेकदा बरीच उशिरापर्यंत टिकते. खिडकीचं ऊन थेट डोळ्यांवर आलं की ट्रॅकर गडबडतो, तेव्हा पलंगाची दिशा आधी ठरवा. आणि वीज गेली तर? पारदर्शक फाइलच्या कव्हरवर कोपऱ्याकोपऱ्यात क-वर्ग, च-वर्ग असे गट लिहा, मधे मोकळं ठेवा. पेशंट आधी गटाकडे बघतो, मग तुम्ही एकेक अक्षर म्हणायचं, हवं ते आलं की तो पापणी मिटतो. स्वरांना वेगळा कोपरा द्या, काना-मात्रा सोडून दिल्या तरी घरच्यांना कळतं.

टोपीवाल्यांनी कागदावर काय लिहून दिलंय, ते इथे टाका. बघून सांगतो.