तक्रार करण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. न झालेल्या खडीकरणाची नोंद मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे लिहायच्या सरकारी वहीत) घेण्यासाठी तुझ्यावर दबाव येत आहे आणि तू थेट वरपर्यंत तक्रार करायचे ठरवले आहेस. तक्रार करू नकोस असे मी म्हणणार नाही. मात्र 'जागल्यांना, म्हणजे खात्यातला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, कायद्याचे संरक्षण आहेच' असे जे तू लिहिले आहेस, त्या भरवशावर करू नकोस.

तो व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायदा 2014 चा. राष्ट्रपतींची संमती 9 मे 2014 रोजी मिळाली, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालेलीच नाही. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, छळ केला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर, अशी चांगली कलमे त्यात आहेत, सारी कागदावरच. 2015 मध्ये तो आणखी पातळ करणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले आणि पुढे ते बारगळले. जो कायदा लागूच नाही, त्याच्या दुरुस्तीची मात्र घाई!

महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोण या महामार्ग प्रकल्पाच्या कामातील गैरप्रकार 2002 मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवताना आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली होती. पत्र नावासकट खात्यांतून फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयच्या तपासात तो लुटीतला खून ठरला, तरी नाव फुटले होते हे काही त्याने पुसले जात नाही. त्यानंतर 2004 मध्ये केंद्र सरकारने ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाकडे गोपनीय तक्रारीची सोय केली, पण ती केंद्रीय कार्यालये व उपक्रमांपुरती आहे. तुझे खाते राज्याचे, त्यामुळे ते दार तुझ्यासाठी नाही.

आता सूड कसा घेतला जातो ते सांगतो, कारण निवृत्तीनंतर आरोप झालेल्या कर्मचाऱ्यांची बाजू मांडणारा बचाव सहायक म्हणून खात्याच्या चौकशांना बसताना मी तेच पाहत आलो आहे. तक्रार केली म्हणून कारवाई, असे कोणत्याही आदेशात लिहिलेले नसते. आदेशात 'प्रशासकीय निकड' असते. आधी जुन्या कामाबद्दल कारणे दाखवा नोटीस येते, मग सीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) खराब होतो, मग बदली. आपल्याकडे धमकी ठरलेली आहे: "गडचिरोलीला टाकतो." (तिथल्या लोकांनी काय गुन्हा केला आहे की त्यांच्याकडे फक्त शिक्षा झालेली माणसे पाठवावीत, हे कोणी विचारत नाही.) शेवटी निलंबन, पहिले तीन महिने अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता, आणि 1979 च्या शिस्त व अपील नियमांतील नियम 8 खालची चौकशी. ती लांबत गेली की पदोन्नतीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात पडून राहतो. शिक्षा कधीच झाली नाही तरी माणूस शिक्षा भोगून मोकळा होतो.

तुझ्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मोजमाप पुस्तिकेतली मूळ नोंद कनिष्ठ अभियंत्याच्या, म्हणजे तुझ्या, हातची आणि सहीची असते. उपअभियंता नंतर तपासणी मोजमापाची सही करतो. तू खोटी नोंद एकदा जरी घेतलीस, तर तुझ्या तक्रारीतली पहिली आरोपी तूच ठरशील. म्हणून तक्रारीआधीचे काम म्हणजे सही न करणे. तोंडी आदेश आला की त्याच दिवशी, "आपण आज असे सांगितले, प्रत्यक्ष जाडी इतकी भरते, लेखी सूचना मिळावी," असे दोन ओळींचे टिपण आवक शिक्क्यासह दे आणि पोच जपून ठेव. तोंडी आदेशावर काम न करता ते लेखी नोंदवावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेत सांगितलेले आहे.

मूळ कागद कार्यालयाबाहेर नेऊ नकोस आणि पत्रकाराला काही देऊ नकोस. वर्तणूक नियमांचा भंग हा त्यांना आयता आरोप मिळेल. माहिती अधिकारात कोणाही नागरिकाला पुस्तिकेच्या साक्षांकित प्रतीच नव्हेत, तर कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. तो अर्ज तुझ्या नावाने असण्याची गरज नाही.

मुदतपूर्व बदली झालीच, तर 2005 च्या बदल्यांच्या कायद्यातील कलम 4(5) वाच. त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ही दोन्ही नसली की मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) नागपूर खंडपीठात आदेश टिकणे कठीण. निलंबन झाले आणि नव्वद दिवसांत दोषारोपपत्र मिळाले नाही, तर निलंबन त्यापुढे लांबवता येत नाही असे सांगणारा, अजयकुमार चौधरी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल तुझ्या कामी येईल. जागल्यांच्या कायद्यापेक्षा ही नीरस कलमेच तुला जास्त उपयोगी पडतील.

हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराकरवी प्रश्न लावण्याचा सल्ला तुला कोणीतरी दिलेला दिसतो. उत्तराचा मसुदा तुझ्याच कार्यालयात तयार होईल, हे लक्षात घे.

घरच्यांना सगळे सांग, अर्ध्या पगारावर सहा महिने निभतील का याचा हिशेब त्यांच्यासोबत मांड आणि मगच तारीख ठरव. मसुदा आधी मला दाखव. त्यातली 'भ्रष्ट', 'निर्लज्ज' ही विशेषणे काढून तिथे साखळी क्रमांक (रस्त्यावरची नेमकी जागा दाखवणारे आकडे) आणि मापे घालायची आहेत.

तुझा,
काका