मूर्तीला वाहिलेलं मांस खायला ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल परवानगी देतो की मनाई करतो?

दोन्ही. एकच वचन सुटं काढून वाद घालणाऱ्यांना हे पचत नाही, म्हणून बायबलमधल्या, करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला (समुदायाला) त्याने लिहिलेल्या ‘करिंथकरांस पहिल्या पत्रा’चे अध्याय ८ ते १० सलग वाचा.

पत्र इ. स. ५५च्या सुमारास इफिसहून लिहिलेलं आहे आणि मंडळीने विचारलेल्या प्रश्नांना दिलेलं उत्तर आहे. ‘आपल्या सर्वांना ज्ञान आहे’ हे वाक्य बहुतेक अभ्यासक करिंथकरांचंच मानतात. पौल ते उद्धृत करून खोडतो. मूर्तीत दम नाही हे त्यालाही मान्य आहे. पण तुमचं पाहून कच्च्या मनाचा भाऊ, म्हणजे मंडळीतलाच दुसरा विश्वासू, आपल्या विवेकाविरुद्ध खाणार असेल, तर तुमचं बरोबर असणं काय कामाचं? ज्या भावासाठी ख्रिस्त मेला त्याचाच नाश होतो, असं तो स्पष्ट म्हणतो. पौलाची सगळी नीती मला इथे दिसते: हक्क आहे, पण तो वापरलाच पाहिजे असं नाही.

बाकी प्रसंगानुसार. देवळातल्या पंगतीला बसू नका. बाजारातलं मांस चौकशी न करता घ्या. कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. मात्र ‘हे वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्यासाठी थांबा. (आपल्याकडे ख्रिस्ती लोकांत प्रसाद खाण्यावरून होणारा वाद याच वचनांवर चालतो.)

सगळी आरंभीची मंडळी मात्र इतकी सैल नव्हती. प्रकटीकरण या बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात असं खाण्यावर सरळ ठपका आहे.