पाचशेच्या नोटेतला तारा

प्रश्न: नमस्कार भाऊ. यंदा खेडा खरेदीत कापूस इकला, व्यापाऱ्यानं रोख पैसे देल्ले. त्यातली पाचशेची नोट घेऊन कृषी केंद्रात गेलो तं दुकानदार म्हणे नंबरात तारा हाय, नकली हाय. दुसरा म्हणे हिरवी पट्टी गांधीजीजवळ असली का नोट खोटी, मोबाईलवर आलं हाय. खरं काय?
– एक कास्तकार, वणी तालुका

उत्तर: भाऊ, पयले तं ते ताऱ्याचं डोक्यातून काढा. छापताना एखादी नोट खराब निघाली तर बंडलात तिच्या जागी दुसरी टाकतात, अन् त्या बदली नोटेच्या नंबरात अक्षरं आणि आकड्यांच्या मधात तारा असतो, एवढीच भानगड. पाचशेच्या नोटेत हे २०१६ पासून आहे, २०२३ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं पुन्हा सांगितलं की अशी नोट चालते, तरी अफवा काही मरत नाही. पट्टीचंही तसंच, गव्हर्नरच्या सहीजवळ असो का गांधीजीजवळ, दोन्ही नोटा खऱ्या.

आता नोट हातात घ्या. हिचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. म्हणजे तुम्ही कापूस देऊन घरी जे आणलं तेही कापूसच की (भाव मात्र दुसऱ्यानं ठरवलेला). म्हणून ती वहीच्या पानासारखी लुळी लागत नाही, फडफडवली की आवाजही वेगळा येतो. मग अंगठा फिरवा. गांधीजींचा फोटो, अशोक स्तंभ, उजवीकडचं गोल चिन्ह, दोन्ही काठांवरच्या पाच तिरप्या रेषा, हे सगळं उठावाच्या छपाईचं असतं, बोटाला खरखरीत लागतं, साध्या प्रिंटरला ते जमत नाही. रेषा पाचशेला पाच, शंभर-दोनशेला चार. दिसत नाही अशा लोकांसाठी केल्या आहेत, पण आपल्याकडं रात्री लाईन गेली की सगळ्यांच्याच कामाच्या. फक्त जुनी नोट असली तर खरखर झिजून जाते, तेवढ्यावरच निकाल लावू नका.

खरी गंमत उजेडात आहे. नोट तिरपी करा, ती तुटक दिसणारी हिरवी पट्टी मोराच्या मानेसारखी निळी होते, अन् खाली उजवीकडं रुपयाच्या चिन्हासोबतचा ५०० सुद्धा. नकलीतली पट्टी तिरपी करा का उलटी, हिरवी ते हिरवीच. मग नोट सूर्याकडं धरा, तीच तुटक पट्टी अख्खी एक रेघ दिसते, आणि उजव्या कोऱ्या जागेत गांधीजी अन् ५०० उमटतात. उजेडाशिवायही ते ठळक दिसले तर समजा वरून छापलेत. अजूनही शंका असली तर एटीएममधून निघालेली नोट बाजूला ठेवून बघा, मी तरी तसंच करतो.

अन् नकलीच निघाली तर? ती बँकेत द्या, ते शिक्का मारून जप्त करतात, पावती देतात, ती मागूनच घ्या. पैसे मिळत नाहीत, हे कडू आहे पण आहे. एका वेळी चारपर्यंत नोटा असल्या तर बँक महिन्याच्या यादीत पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असल्या की थेट एफआयआर. पण माहीत असून आठवडी बाजारात भाजीवालीच्या गळ्यात मारली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ नुसार गुन्हेगार तुम्ही, व्यापारी राहिला बाजूला.

प्रश्न: यांच्या शर्टाच्या खिशातली शंभरची नोट धुण्यात निघाली, रंग उडाला. दुकानात कोणी घेत नाही.
– एक ताई, आर्वी

उत्तर: नोट पूर्ण असली तर मळकी नोट म्हणून कोणत्याही बँकेत बदलून मिळते ताई, खातं तिथं असो नसो. आणि धुण्याआधी खिसे तपासायचं काम आता यांच्याकडंच द्या.