हॉटेलात रविवारी काम केलं तर दुप्पट पगार मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या रेस्टॉरंटमध्ये स्टुअर्ड आहात, दुपारी 12 ते रात्री साडेअकरा ड्युटी, मध्ये जेवायला अर्धा तास, ऑफ मंगळवारी, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200. रविवारी तुडुंब गर्दी असते, म्हणून त्या दिवसाचे दुप्पट मिळायला हवेत का?

रविवारचे म्हणून नाही. हे ऐकून वाईट वाटेल, पण रविवारच्या मागे लागून तुम्ही खरे पैसे सोडताय. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रविवारला वेगळा मान नाही. आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी द्यायची, मग ती मंगळवारी का असेना. तुमचा ‘रविवार’ मंगळवारी येतो. त्या मंगळवारी ‘आज स्टाफ कमी आहे, ये’ म्हणून बोलावलं, तर त्या कामाला दुप्पट दर लागतो आणि बुडालेल्या ऑफची बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आधी ठरलेले आणखी चार सण, असे आठ दिवस भरपगारी सुट्टीचे. त्या दिवशी काम करवून घेतलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी, दोन्ही. हॉटेल लाइनमध्ये यातली बदली सुट्टी फार तर मिळते, तीही गटारीच्या आसपास मागू नका असं सांगून.

आता तुमचे खरे पैसे. जेवणाची वेळ वजा करून रोज 11 तास, सहा दिवसांचे 66. आठवड्याची मर्यादा 48. म्हणजे 18 तास जादा, दर आठवड्याला. 18,200 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 700, त्याला आठाने भागलं की तासाचे साडेसत्त्याऐंशी, दुप्पट म्हणजे 175. अठरा तासांचे झाले 3,150. महिन्याला बारा हजारांच्या वर! मालक रविवारी देतो ते दोनशे रुपये आणि बिर्याणी यात कुठे बसतात ते तुम्हीच बघा. टिपही यात धरायची नाही, ती गिऱ्हाईकाने दिलेली असते.

तिमाहीत ओव्हरटाइम किती घ्यायचा यालाही मर्यादा आहे. ती 125 तासांची होती, 2025 च्या दुरुस्तीने 144 झाली. तुमचे 13 आठवड्यांत 234 भरतात. ‘मर्यादेच्या वरचं आम्ही मोजत नाही’ असं कुणी म्हटलं तर हसा. मर्यादा मोडली मालकाने, म्हणून तुमची मजुरी बुडत नाही.

मी हे इतक्या खात्रीने सांगतोय कारण वाशीतल्या एका हॉटेलात मी आठ वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. आमच्याकडे दोन मस्टर, म्हणजे हजेरीपट, असायचे. एकात सगळे नऊ तासांत घरी जायचे. तो तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांसाठी. दुसरा पगारासाठी, त्यात फक्त खाडे नीट लिहिलेले. दोन्हीवर अक्षर माझंच. अभिमानाची गोष्ट नाही.

पळवाटा ठरलेल्या असतात. पहिली, ‘आपण छोटे, आपल्याला कायदा नाही.’ दुरुस्तीनंतर दुकाने कायद्याच्या बहुतेक तरतुदी 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागतात हे खरं. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही, आणि जादा कामाला किमान दुप्पट दर तिच्यातही आहे. दुसरी, बॅज बदलून ‘कॅप्टन’ करायचं आणि तुम्ही आता मॅनेजमेंट म्हणायचं. ऑर्डर घेता, ताटं उचलता, तर बॅजवर काही का लिहिलेलं असेना. तिसरी, स्लिपवर मूळ पगार चिमूटभर आणि बाकी भत्ते. संहितेप्रमाणे निम्म्यापेक्षा जास्तीचे भत्ते वेतनातच धरले जातात.

मालकाशी आधी बोला, शक्यतो दोघं-तिघं मिळून, आणि मागणी लेखी द्या. नाही जमलं तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. तरी काम किती तास केलं याचा कागद तुमच्याकडे असलेला बरा. केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, स्टुअर्डचं नाव आणि वेळ छापून येते, रात्री 11:20 ची एक केओटी शंभर शब्दांचं काम करते. घरी जाताना रिक्षावाल्याला मोबाइलवरून दिलेल्या पैशांची वेळही उपयोगी पडते. आमच्या एका पोऱ्याने तेवढ्यावर हिशोब मांडला होता. रोजची आत-बाहेरची वेळ वहीत लिहा, आजपासूनच.

आणि नोकरी सोडायचा विचार असेल तर आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे जुने ड्युटी चार्ट फोनमध्ये उतरवून घ्या. राजीनामा दिला की पहिलं काम म्हणजे तुम्हाला ग्रुपमधून काढणं. आमच्याकडे ते मीच करायचो. बाकी पैशांचा हिशोब नोकरी सोडल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो, ‘पुढच्या महिन्यात या’ ऐकून घ्यायचं नाही.