फ्रान्समध्ये धर्म कुठे अडतो?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही फ्रान्सला चाललो आहोत. धाकट्याच्या गळ्यात गणपतीचं पदक असतं, मी कुंकू लावते. तिथे धार्मिक खुणांना बंदी आहे म्हणे. सगळं उतरवून ठेवावं लागेल का?

उत्तर : नाही. १९०५च्या कायद्याने धर्म आणि सरकार यांची फारकत केली, पण त्यात हात बांधले ते सरकारचे. म्हणून कचेरीत खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने कसलीही धार्मिक खूण मिरवायची नाही. खिडकीच्या अलीकडे रांगेत उभ्या असलेल्या तुम्ही कुंकू लावून खुशाल जा. (चेहरा झाकण्याला मात्र २०१०च्या कायद्याने रस्त्यावरही मनाई आहे. दंड १५० युरोपर्यंत.)

घोळ होतो तो शाळेत. १५ मार्च २००४च्या कायद्यानुसार सरकारी शाळेत, अगदी बारावीपर्यंत, धर्म ठळकपणे दाखवणारी खूण चालत नाही. हिजाब, किप्पा (ज्यूंची छोटी टोपी), मोठा क्रूस, सगळं त्यात आलं, शिखांची पगडीसुद्धा. बारीक पदक चालतं. ‘ठळक’ म्हणजे किती हे मोजायला पट्टी नाही, तेव्हा पदक शर्टाच्या आत राहील एवढी साखळी घ्या. प्रवेशाच्या वेळी शाळेची नियमावली मागून वाचा. हरकत निघालीच तर शिस्तभंगाची कारवाई करण्याआधी शाळेने मुलाशी बोलायलाच हवं, हे कायद्यातच आहे. त्या बोलण्यात बरंच निभावतं. विद्यापीठाला हा कायदा लागू नाही.

शाळेच्या जेवणघराचीही चौकशी आधीच करा. धर्मानुसार वेगळं जेवण द्यायला नगरपालिका बांधील नाही, पण दिलं तर त्यात बेकायदाही काही नाही. त्यामुळे गावागणिक उत्तर बदलतं.

प्रश्न : सरकार निधर्मी, मग चर्चच्या डागडुजीला सरकारी पैसा कसा? मशिदींना का नाही?

उत्तर : कारण १९०५च्या आधीची बहुतेक चर्चं आज नगरपालिकांच्या आणि कॅथीड्रलं सरकारच्या मालकीची आहेत, घरमालक छप्पर दुरुस्त करतो, इतकंच. मशिदी बहुतेक नंतरच्या, म्हणून खर्च भाविकांचा. हिशेब कायद्याने बरोबर, पण नव्याने आलेल्यांना तो एकतर्फी वाटतो, आणि त्यात चूक नाही. मात्र मशिदीसाठी नगरपालिका नाममात्र भाड्याने ९९ वर्षांपर्यंत जमीन देऊ शकते. ही वाट बरीच वापरली जाते.

आणि बदली फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या स्ट्रासबुर्गला असेल तर वरचं गणित थोडं फिरवा. १९०५ साली तो भाग जर्मनीकडे होता, त्यामुळे तिथे फारकत झालीच नाही. पाद्री आणि ज्यू धर्मगुरू (रब्बी) यांना आजही सरकारी पगार आहे, सरकारी शाळेत धर्माचा तास आहे. तो नको असेल तर पालकांनी लेखी कळवायचं.